द्राक्षं उतरल्यावर समुद्राला जायचंय : मार्चअखेर कुठं जावं?

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार मंडळी. घरात जायचं ठरलंय, पण ठिकाण ठरत नाही, म्हणून इथं विचारतो.

आमची बाग फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा या काळात उतरते. माल गेला की एप्रिलमधल्या खरड छाटणीपर्यंत वेलीला विश्रांती, आणि आम्हालाही तेवढीच सवड. दिवाळीत बाग पोंग्यात, म्हणजे छाटणीनंतर नवी फूट निघायच्या अवस्थेत असते, तेव्हा घर सोडता येत नाही. नाताळात तर आभाळाकडं बघतच दिवस जातो. मे महिन्यात सबकेन, म्हणजे काडीचा शेंडा खुडून बाजूची फूट घ्यायचं काम. त्यामुळं साधारण २० मार्च ते ५ एप्रिल, यातले सात-आठ दिवस आमच्या हातात आहेत.

जाणारे पाच जण : मी, मंडळी, थोरला सहावीत, धाकटी पहिलीत आणि आई. आईचं वय ६८, गुडघे दुखतात, गळ्यात माळ आहे, त्यामुळं मासे-मटण-अंडं काही चालत नाही. पोरांना पाण्यात मनसोक्त खेळता यावं, पाणी स्वच्छ असावं, पाऊस नसावा, आणि आईला किनाऱ्याजवळ सावलीत निवांत बसता यावं एवढंच मागणं आहे. खर्च दोन लाखांच्या आत बसवायचाय.

मालवण, गोवा, अंदमान अशी नावं घरात निघालीत. साडू म्हणतो थायलंडला चला. सगळे सांगतात की समुद्राचा सीझन डिसेंबर-जानेवारी. मग मार्चअखेर जाणं म्हणजे सीझन संपल्यावर जाणं होतं का?

अजिंक्यतारा

दादा, सीझन संपत नाही. मी साताऱ्यात भूगोल शिकवतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

लोक ज्याला सीझन म्हणतात तो गर्दीचा आणि भाववाढीचा हंगाम आहे. तो ठरतो शाळेच्या सुट्ट्या, नाताळ आणि युरोपातली थंडी यांवरून. कोरडा हंगाम ठरतो वाऱ्यांवरून. दोन्हींचे काही आठवडे एकावर एक येतात, एवढंच. खोलीचं भाडं आणि विमानाचं तिकीट सगळ्यात चढतं २० डिसेंबर ते २ जानेवारीच्या दरम्यान. पाऊस मात्र त्याआधीही नसतो आणि त्यानंतरही कितीतरी दिवस नसतो.

आता एकेक किनारा बघा. कोकण आणि गोवा : ऑक्टोबरमध्ये पाऊस परततो, तो पुन्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. मधले सगळे महिने कोरडे. मार्चअखेर ऊन कडक, हवा दमट, पण पावसाची भीती फार नाही.

अंदमानचं गणित वेगळं आहे. तिथं नैऋत्य आणि ईशान्य दोन्ही मोसमी वारे पाऊस देतात. नोव्हेंबरमध्ये चांगला पाऊस असतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. डिसेंबरात तिथं गर्दी असते, भाव असतो, आणि त्यावर हवा बिघडली तर जहाजं रद्द होतात. खरे कोरडे महिने जानेवारी ते एप्रिल. समुद्रही फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त शांत. मे महिन्याच्या विशीनंतर मोसमी पाऊस सगळ्यात आधी तिथंच पोचतो, म्हणून आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी अंदमानसाठी धोक्याची. तुमची तारीख तिथं अगदी योग्य पडते.

थायलंडला दोन किनारे आहेत आणि दोघांचा पाऊस वेगवेगळा. फुकेत-क्राबीची बाजू नोव्हेंबर ते एप्रिल कोरडी. कोह सामुई दुसऱ्या बाजूला, तिथं ऑक्टोबर ते डिसेंबर धो धो. श्रीलंकेचंही तसंच : बेंटोटा, मिरिसा हा नैऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च चांगला, त्रिंकोमालीकडचा पूर्व किनारा मे ते सप्टेंबर. बाली विषुववृत्ताच्या खाली, तिथं आपल्या उन्हाळ्याच्या तोंडाला पावसाळा असतो. मार्चमध्ये बालीचं स्वस्त पॅकेज कुणी दाखवलं तर ते स्वस्त का, हे यावरून कळेल.

थोडक्यात, द्राक्षवाल्याला मिळणारी सवड ही समुद्राच्या दृष्टीनं वर्षातली उत्तम सवड आहे. माल वेळेवर जाऊ दे, बाकी चिंता नको.

मिरज_जंक्शन

गोव्याला जाणार असाल तर गाडी काढायची गरज नाही. निजामुद्दीनहून येणारी गोवा एक्सप्रेस रोज आहे, ती सातारा, मिरज करत लोंढ्यावरून थेट मडगाव-वास्कोला जाते. आईंना घाटातली वळणं सोसत नसतील तर रेल्वेच बरी. आरक्षण ६० दिवस आधी खुलतं, खालचा बर्थ मागून घ्या.

दांडीवरचो

मी मूळचा मालवणचा, नोकरीमुळं सांगलीत. मालवणची बाजू मांडतो.

सांगलीहून कोल्हापूर, गगनबावडा, वैभववाडी, कणकवली, कसाल आणि मालवण. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. घाट असल्यामुळं पाच-सहा तास धरा. निघण्याआधी करूळ घाट सुरू आहे का ते विचारा, नसेल तर भुईबावडा नाहीतर राधानगरीवरून फोंडा घाट. पहाटे निघालात तर जेवायला तारकर्लीत.

मार्चअखेरीची एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या दिवसांत दुपारनंतर वायव्येकडचा वारा सुटतो. सकाळी काचेसारखं असलेलं पाणी चार वाजता गढूळ आणि खळबळलेलं दिसतं. त्यामुळं सिंधुदुर्ग किल्ला, स्नॉर्कलिंग, देवबागच्या संगमावरची होडी हे सगळं सकाळी सात ते अकरात उरका. दुपारी घरात झोपा, आणि संध्याकाळी नुसतं वाळूत जा.

भरती-ओहोटी बघायला आमच्याकडं जुना हिशेब आहे. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, जे येईल ती भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दिवसा तीनला आणि रात्री साडेतीनच्या आसपास पाणी भरलेलं. त्याच्या सहा तास मागं-पुढं ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे दुपारी बाराला पाणी आत गेलेलं. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचं. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण पोरांना पाण्यात कधी उतरवायचं ते ठरवायला पुरतं. पाणी चढत असताना किनाऱ्यालगत खेळवा, ओहोटी जोरात सुरू असताना कमरेच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर नाहीच.

माळकरी माणसाची मालवणात आबाळ होते हा गैरसमज आहे. घरगुती राहण्याच्या ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं तर काजूची उसळ, घावणे, रस-शिरवाळे, आमटी-भात, सोलकढी सगळं मिळतं. फक्त भांडी वेगळी ठेवतात का ते फोनवरच विचारा, कारण आईंना ते महत्त्वाचं वाटेल.

किल्ल्यात शिवराजेश्वराचं मंदिर आहे. चारी बाजूंनी खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आत आहेत. १६६४ ला पायाभरणी झालेला किल्ला आहे, पोरांना नीट दाखवा. होडीतून उतरताना पायरी ओली असते, आईंचा हात धरा.

हळदपेठ_सांगली

थायलंडबद्दल लिहितो, आम्ही व्यापारी मंडळी मिळून जाऊन आलोय. फुकेत-क्राबीचं पाणी अप्रतिम, मार्चमध्ये हवा स्वच्छ, भाडं जानेवारीपेक्षा उतरलेलं. पण तुमच्या घरच्या माणसांचा विचार केला तर मी नको म्हणेन. तिथं भाजीतसुद्धा माशाचा रस घालतात, नुसती भाजी मागितली तरी त्यात तो असतो. भारतीय हॉटेलं आहेत, पण प्रत्येक जेवणाला शोधत फिरायचं का? दुसरं म्हणजे पाच जणांचे पासपोर्ट. आईंचा आणि पोरांचा काढलेला नसेल तर मार्चआधी तीच धावपळ. फी फी बेटाजवळचा माया बे दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात बंद असतो, मार्चमध्ये उघडा असतो, एवढी एक जमेची बाजू.

साडू-साडू दोघंच गेलात तर जरूर जा. आईंना घेऊन समुद्र दाखवायचा तर आपल्या देशात.

अजिंक्यतारा

@हळदपेठ, माया बे फी फी लेह बेटावर आहे, बाकी मुद्दा पटला.

द्राक्षबाग_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. पासपोर्ट फक्त माझा आहे, त्यामुळं थायलंड बाद.

काल रात्री जेवताना हा धागा घरात वाचून दाखवला. अंदमानचं नाव निघाल्यावर आई म्हणाली, "तिथला तुरुंग बघता येतो का?" माझे आजोबा १९४२ च्या सप्टेंबरात तासगाव कचेरीवर जो मोर्चा गेला त्यात होते, पुढं कुंडलकडं पत्री सरकारच्या माणसांना भाकरी पोचवायचे. आई लग्न होऊन आली तेव्हा ते हयात होते आणि त्यांनी तिला अंदमानात डांबलेल्या लोकांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आईनं आजवर कधी कुठं जायचं म्हणून मागितलं नाही. हे मागितलं.

त्यामुळं आता मन अंदमानकडं झुकलंय. प्रश्न असे : तिच्या गुडघ्यांना झेपेल का? धाकटी सहा वर्षांची, तिला जहाज सोसेल का? आणि दोन लाखांत बसेल का?

कोयनाकाठ

भाऊ, मी कराडची. सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही मार्चमध्येच अंदमानला गेलो होतो, त्यामुळं तुमचे प्रश्न मला अगदी जवळचे वाटले. मोठं लिहिते, वेळ काढून वाचा.

पहिली गोष्ट उजेडाची. घड्याळ तेच, पण अंदमान आपल्या पूर्वेला खूप दूर आहे. मार्चअखेर सांगलीत सूर्य पावणेसातला मावळतो, तिथं साडेपाचला. सहा वाजता मिट्ट काळोख. उलट सकाळी सव्वापाच-साडेपाचला लख्ख उजाडतं. आपल्याकडच्या सवयीनं नऊला नाश्ता करून निघालात तर अर्धा दिवस वाया. आईंना पहाटे उठायची सवय असेलच, तुम्ही त्यांच्या वेळापत्रकानं चाला. सकाळी सहाला किनाऱ्यावर, दहाला परत, मधे विश्रांती, तीनला पुन्हा बाहेर.

तुरुंग, म्हणजे सेल्युलर जेल, बघता येतो. सात पाखांपैकी तीनच आता उभी आहेत. खालचं अंगण, फाशीघर, संग्रहालय, कोलू (तेलाचा घाणा) ओढायला लावायचे ती जागा हे सगळं जमिनीच्या पातळीवर आहे. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, जिने उंच आहेत. माझ्या सासूबाई एकेक पायरी थांबत, भिंतीला हात लावत चढल्या आणि वर गेल्यावर कोठडीच्या दाराला डोकं टेकवून उभ्या राहिल्या. कुणी घाई करत नाही. संध्याकाळी आवारातच ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम असतो, खुर्च्यांवर बसून बघायचा. हिंदी खेळाची तिकिटं आधी काढून ठेवा.

राहायचं असं करा. उतरल्यावर पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, दोन रात्री. मग जहाजानं स्वराज द्वीपला तीन रात्री, जुनं नाव हॅवलॉक. जमलं तर परतताना शहीद द्वीपला (जुनं नाव नील) एक, आणि शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअरला. विमान ज्या दिवशी आहे त्याच दिवशी बेटावरून जहाजानं यायचं असं कधीच ठरवू नका. समुद्र खवळला की जहाज सुटत नाही आणि विमान थांबत नाही.

खासगी जहाज दीड-दोन तासांत पोचवतं, आत वातानुकूलित, पण बहुतेक जहाजांत डेकवर जाता येत नाही आणि बंद खोलीत लहान मुलांना मळमळतं. सरकारी जहाज सावकाश जातं, तिकीट स्वस्त, मोकळी हवा मिळते. तिकीट मात्र मुश्किलीनं हाती लागतं. मार्चमध्ये समुद्र शांत असतो म्हणून धाकटीची फार चिंता नको, सकाळचं जहाज घ्या आणि पोटात थोडं काहीतरी असू द्या. अगदी रिकाम्या पोटी जास्त त्रास होतो.

स्वराज द्वीपचा राधानगर किनारा तुमच्या पोरांसाठीच आहे. पाणी हळूहळू खोल होत जातं, वाळू पिठासारखी, मागं झाडांची दाट सावली आणि बसायला ओंडके. आईंसाठी याच्याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही. तिथं जीवरक्षक असतात, जाळी आणि पाट्या लावलेल्या असतात. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, म्हणून खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ आणि पाटी लावलेल्या जागी पाय बुडवायलाही जाऊ नका. ही ताकीद पोरांना विमानात बसायच्या आधीच द्या.

प्रवाळ बघायला आईंना पाण्यात उतरायची गरज नाही. शहीद द्वीपला भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची होडी आहे. बसल्या जागी खाली रंगीत मासे दिसतात.

बाराटांगची चुनखडीची गुहा मात्र गाळा. मध्यरात्री उठून निघायचं, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्यातून जायचं, मग होडी, मग चालणं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला नको. शिवाय त्या रस्त्यानं जाऊन ज्यांना आपली गरज नाही अशा लोकांच्या जंगलात गर्दी वाढवावी असं मला वाटत नाही.

जेवणाचं म्हणाल तर तिथं दाक्षिणात्य हॉटेलं पुष्कळ. इडली, डोसा, भात-सांबार, दही. माळकऱ्यांना अडचण येत नाही. बेटावर नेट अधूनमधून जातं, म्हणून रोख पैसे बरोबर ठेवा.

दांडीवरचो

ताईंचं सगळं बरोबर, पण माझा मुद्दा सोडत नाही. दोन लाखांतले निम्म्याहून जास्त पैसे पाच तिकिटांत जाणार. जाता-येता पुणे, तिथून चेन्नई किंवा कोलकाता, असे दोन अख्खे दिवस प्रवासात. तेवढ्या पैशात मालवणात घरासारखं राहून, पोरांना रोज पाण्यात घालून वरचे पैसे शिल्लक राहतील. हापूसची पहिली पेटीही हाती लागेल. आईंची इच्छा नसती तर मी मालवणवर ठाम राहिलो असतो.

कोयनाकाठ

पैशाचं दांडीवरच्या भाऊंचं खरं आहे. म्हणून पाचही तिकिटं आधी बघा, खोल्या नंतर. किनाऱ्याला लागून असलेली खोली महाग असते. स्वराज द्वीपला बाजाराजवळ, गोविंदनगर भागात साध्या खोल्या घेतल्या तर खर्च आटोक्यात येतो, किनाऱ्यापर्यंत रिक्षा किंवा भाड्याची गाडी मिळते.

वॉर्ड_नंबर_चार

मी सांगलीत परिचारिका आहे. आईंसाठी : रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर दुप्पट दिवसांच्या घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका. बेटावर मोठं इस्पितळ नाही. गुडघ्याला पट्टा, हातात काठी. जहाज लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, सुटायच्या अर्धा-एक तास आधी.

पोरांसाठी : दुपारी अकरा ते तीन उन्हात नको. पूर्ण बाह्यांचा पोहायचा सदरा घ्या, क्रीम कमी लागतं. धाकटीला दर अर्ध्या तासाला पाणी पाजा, समुद्रात खेळताना पोरांना तहान कळत नाही.

तुम्ही स्वतः स्कुबा करणार असाल तर दमा, कानाचा आजार, हृदयाचा त्रास यांपैकी काही असेल तर लपवू नका. आणि शेवटची बुडी आणि परतीचं विमान यांत किमान १८ तास ठेवा. थोरला सहावीत म्हणजे अकराचा असेल, त्याला चालेल. धाकटीला नाही, कुणी आग्रह केला तरी नाही.

अजिंक्यतारा

आणखी एक. परत येताना पोरं शिंपले-प्रवाळ खिशात भरतात. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, विमानतळावर सामान तपासतात. फोटो काढा, वस्तू तिथंच ठेवा. पाण्यातही प्रवाळावर उभं राहायचं नाही, ते दगडासारखं दिसतं पण जिवंत असतं, आणि एका पावलानं मोडलेलं पुन्हा वाढायला वर्षं लागतात.

बेदाणा_शेड

मीही तासगावकडचाच. सगळ्यांनी चांगलं सांगितलं, पण बागेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

तारीख बदलता येईल असंच तिकीट काढ. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अवकाळी आला, किंवा व्यापाऱ्यानं दर पाडून माल आठ दिवस लांबवला, तर काय करणार? आमच्या भावकीत एका बागायतदाराला इसार देऊन गेलेला व्यापारी पुन्हा फिरकलाच नाही, शेवटी माल बेदाण्याला टाकावा लागला आणि शेडवर घरच्यांना राबावं लागलं. तेव्हा इसार घेऊन, निम्मा माल उतरला की मगच पैसे भर. तिकीट चार पैसे महाग पडेल, पडू दे. आणि खरड छाटणीची टोळी एप्रिलच्या कोणत्या तारखेला येणार ते आधी पक्कं कर, परतीची तारीख त्यावरून ठरव.

बागेला पाणी सोडायला मी आहे. ठिबकचा व्हॉल्व्ह दाखवून जा.

द्राक्षबाग_तासगाव

@बेदाणा_शेड, लई उपकार. उद्या सकाळी ये, दाखवतो.

बाकी सगळ्यांना सांगतो, ठरलं. अंदमान. २४ मार्चला निघायचं बघतोय, पुण्याहून चेन्नईमार्गे. पोर्ट ब्लेअर दोन, स्वराज द्वीप तीन, मग पोर्ट ब्लेअरला परत एक. शहीद द्वीप आणि बाराटांग दोन्ही सोडलं, आईला सामान आवरून पुन्हा पुन्हा जहाजात चढवायचं नाही. काचेची होडी स्वराज द्वीपलाही आहे का, कोयनाकाठ ताई?

मालवण पुढच्या वर्षी, दांडीवरच्या भाऊंनी सांगितलेल्या मार्गानं.

कोयनाकाठ

स्वराज द्वीपला एलिफंट बीचकडं जाणाऱ्या होड्या धक्क्यावरून सुटतात, तिथं गेल्यावर काचेच्या होडीचं विचारा. धक्क्यावर चढ-उतार करताना दोन माणसं आईंजवळ असू द्या. पोर्ट ब्लेअरच्या पहिल्या दिवशी दुपारी रॉस बेट करा, आता त्याला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. तिथं फिरायला बॅटरीची गाडी मिळते, आईंना चालावं लागणार नाही. तुरुंग दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, ताज्या पायांनी जिने चढतील. त्या दिवशी तिथं सुट्टी नाही ना, ते आधी बघून घ्या.

मिरज_जंक्शन

पुण्याला जायला मिरजेहून पहाटे पोचेल अशी गाडी धरली तरी विमानाच्या आधी चार तास मोकळे ठेवा. आईंसाठी विमानतळावर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागा, पैसे पडत नाहीत.

द्राक्षबाग_तासगाव

खुर्चीचं माहीत नव्हतं, आजच नोंदवतो. आई म्हणतेय की कोठडीसमोर लावायला घरची उदबत्ती न्यायची. आत पेटवू देतील का, कुणाला ठाऊक आहे?

कोयनाकाठ

आत काही पेटवू देत नाहीत, भाऊ. आणि काडेपेटी तर विमानातच नेऊ देत नाहीत. आम्ही फुलं नेली होती, तिथल्या बाजारात सकाळी मिळतात. अंगणात हुतात्म्यांसाठी अखंड ज्योत आहे, सासूबाईंनी तिथं वाहिली.